वहीतली किंमत

महामार्गासाठी सरकार देवकुळेंचा ओतकामाचा कारखाना घेणार होतं, वहीतल्या शेवटच्या खिळ्यासकट. भरपाई ठरवायला देवकुळे राष्ट्रीय लेखा कचेरीत आले, तर टेबलापलीकडे भारती भालेकर.

"बाई, तुम्ही इथं?"

"बावीस वर्षं मी वितळलेल्या लोखंडाचा रंग बघून सांगायचे, आता ओता. तुम्ही यंत्रांसारखाच माझ्यावरही दरवर्षी घसारा लावलात. किंमत शून्य झाली, तसं कामावरून काढलंत. वर दारात म्हणालात, हातमोजे ठेवून जा, ते कंपनीचे."

"कायदाच तसा आहे की वो."

"आहे ना. देशाच्या वहीत सगळ्याला आजचा भाव. पण त्याच कायद्यात पुढं आहे, कंपनीनं माणसांना जी पद्धत लावली, तीच भरपाईत तिच्या मालमत्तेला लावायची."

"मग माणसांनाही आजचा भाव लावा!"

"लावते. काढलेल्या एकशे चाळीस जणांना आधी फरक द्या."

देवकुळेंनी मनात आकडा मांडला. तो कारखान्याच्या किमतीहून मोठा निघाला. "राहू द्या," ते म्हणाले.

भारतीनं भरपाईची यादी सावकाश वाचली. भट्टी, शून्य. क्रेन, शून्य. जमीन, आजोबांनी घेतली त्या भावानं, आठ हजार रुपये.

सही करून ते उठले.

"साहेब, गाडीची किल्ली ठेवून जा," ती म्हणाली. "कंपनीच्या वहीत आहे ती."