गोंदणाची जागा

केवलरामच्या कार्डाला शालिकरामनं उत्तर दिलंच नव्हतं. 'जवाईबापूंस नमस्कार. भाऊबीजेला येऊ काय, ते कळवावे.' एवढाच मजकूर. गेल्या दिवाळीआधी राजहऱ्याच्या लोखंडाच्या खाणीवरून ते कार्ड आलं आणि शालिकरामनं ते बायकोला, नलूला न दाखवता लॉगटेबलच्या पुस्तकात दडपलं. आज दवाखान्यात डॉक्टर नलूच्या हातावरची पट्टी सोडत होते, आणि नेमकं तेच कार्ड त्याच्या डोळ्यांपुढं येत होतं.

पट्टी सुटली. कोपराखाली जिथं हिरव्या गोंदणात 'केवल' लिहिलेलं असायचं, तिथं बोटभर लांब, काळा, चकचकीत उंचवटा होता. जळू चिकटावी तसा.

लग्नानंतर त्यानं विचारलं होतं, हे कोणाचं नाव? "भाऊ," नलू म्हणाली होती. सासऱ्याला नलूवाचून दुसरं मूल नाही, हे अख्खं गाव सांगत होतं. मानलेल्या भावांचे किस्से शालिकरामनं कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात पुष्कळ ऐकले होते.  त्या दिवसापासून त्याला जेवण गोड लागेना.

पहिल्या भाऊबीजेला हा भाऊ भिलाईतल्या मरोदा वस्तीतल्या क्वार्टरपुढं येऊन उभा राहिला. उंच, भरल्या अंगाचा, मोकळं हसणारा. त्याला ओवाळताना नलूच्या तोंडावर जो उजेड होता, तो शालिकरामच्या वाट्याला कधी आला नव्हता. पाणी पिताना केवलरामनं डोक्याचा गमछा सोडला. डाव्या कानाच्या पाळीवर पिकल्या जांभळाएवढी काळी गाठ होती. शालिकरामला बरं वाटलं. चला, देवानं यालाही काहीतरी खोट ठेवली आहे! सबंध दिवसात तेवढंच काय ते समाधान.

पुढच्या दिवाळीला ते कार्ड आलं आणि पुस्तकात गेलं. मग एक दिवस तो नलूला म्हणाला, "इथं साहेबलोकांच्या बायका गोंदणाले हासतात. काढून टाकू." कारखान्यात भाजलेल्यांची कातडी सारखी करणारा सर्जन भिलाईत आला होता. त्याला हे काम किरकोळ.  नलूनं हात पुढे केला.

जखम छान भरली. दोन-तीन महिन्यांनी ती जागा खाजू लागली, मग वर येऊ लागली. डॉक्टरांनी तेल लावून दाबायला आणि घट्ट पट्टी बांधायला सांगितलं. ते काम शालिकरामनं स्वतःकडे घेतलं. ऑफिसातून आला की तो अंगठ्यानं ती जागा दाबत बसे. नाव कापून टाकलं होतं, तरी ते रोज अंगठ्याखाली थोडं जास्त उठून बसत होतं. ट्रेसिंगच्या कापडावर ब्लेडनं रेघ खरवडली की पुढची शाई तिथंच फुटते. नकाशे गिरवणारा ट्रेसर असून हे त्याला आधी सुचलं नव्हतं.

"साब, एक बार फिर काट दीजिए," तो म्हणाला.

"काटेंगे तो और बढ़ेगा," डॉक्टर म्हणाले. "कुछ लोगों की चमड़ी ही ऐसी होती है. खानदान में चलता है. घर में और किसी को है?"

"बाबूजीले होतं," नलू म्हणाली. "कान टोचला तिथं. जांबुळावानी."

"और किसी को?"

नलूनं शालिकरामकडे पाहिलं, मग खाली फरशीकडे. शालिकरामचे कान तापले. उत्तर त्याला ठाऊक होतं.

घरी येताना सायकल हातात धरून तो तिच्या बरोबरीनं चालत राहिला. कारखान्याच्या चिमण्यांचा लाल धूर डोक्यावरून जात होता.

"सांगितलं कावून नाई?" अखेर त्यानं विचारलं.

"सांगतलं होतं. भाऊ म्हनलं होतं."

"मले वाटलं, मानलेला."

"तुमाले काय वाटलं ते मले समजलं नसन काय?" नलूच्या आवाजात राग नव्हता. त्याचंच त्याला जास्त लागलं. "त्याच्या मायले बाबूजीनं घरात घेतलं नाई. मले शपथ घातली. त्याचं नाव तोंडानं घेऊ देलं नाई, मंग म्या हातावर घेतलं."

जरा वेळानं ती म्हणाली, "गेल्या दिवाळीले आलाबी नाई. रागावला असन माह्यावर."

घरी पोचताच शालिकरामनं लॉगटेबलमधून कार्ड काढून तिच्यापुढं ठेवलं. तिनं ते एकेक अक्षर जुळवत वाचलं, आणि ती चुलीकडे वळली.

तो कोरं कार्ड घेऊन बसला. मायन्यावरच अडला. 'श्रीयुत' लिहावंसं वाटेना. बऱ्याच वेळानं लिहिलं, 'साळेबुवांस नमस्कार. भाऊबीजेला या.' पुढं जागा होती. तिथं त्यानं आणखी दोन ओळी लिहिल्या. ते कार्ड त्यानं वाळू न देताच चौकातल्या लाल पेटीत नेऊन टाकलं.

'नलूच्या हातावर तुमचं नाव होतं, ते मी काढायला लावलं. त्या जागी आता तुमच्या कानावर आहे, तेच आलं आहे.'