डब्यात मावेल तेवढंच

"बाबा, चालला! तुझ्या डब्यावर नवा खेळ चालला!" मृण्मयी सोफ्यावरच उड्या मारायला लागली.

डबा म्हणजे बाबांचा गेम कन्सोल. कंपनीने तो बंद करून अठरा वर्षं झाली होती, भंगारवालासुद्धा त्याला हात लावत नसे. नवे खेळ तर खेळणाऱ्याचं अख्खं घर माणसांसकट आत घेत. ते सगळं त्या बिचाऱ्या डब्यात कुठून मावणार? म्हणून मृण्मयीने दहावीची सुट्टी घालवून छाटणीचा प्रोग्रॅम लिहिला. बाबांची नजर घरात कुठे कुठे जाते, हे तो आठ दिवस टिपत होता. ज्याच्याकडे ते बघतच नाहीत, ते त्याने खेळातून काढून टाकलं. एवढा खटाटोप का, तर तिला एकदा बाबांबरोबर जोडीने खेळायचं होतं.

बाबांनी कंट्रोलर हातात घेतला. "अरे, सौमित्रची बॅट! बोकापण आहे! आणि ही शेजारच्या कुलकर्ण्यांची स्कूटर? कमाल आहे!"

मृण्मयीने आपला खेळाचा चष्मा चढवला, खेळात शिरली आणि दोन्ही हात हलवत थेट त्यांच्या समोर उभी राहिली. बाबा तिच्या आरपार चालत बोक्याकडे गेले.

तिने चष्मा काढून त्यांच्या पडद्याकडे पाहिलं. अंगणात भावाची बॅट होती, बोका होता, फाटकाबाहेर स्कूटर होती. ती कुठेच नव्हती.

"शाब्बास गं," पडद्यावरून नजर न हलवता बाबा म्हणाले, "काहीच कापलं नाहीस की!"