दोन खोळी

आनंदा शिंप्यानं बर्फाच्या कारखान्याच्या पडवीत दोन गठ्ठे सोडले. एकात मेंढीच्या कातड्याची, आतून लोकर असलेली पुरुषभर लांब खोळ होती. तिच्यासोबत लोकरीची बंडी आणि लोकरीचे मोजे. दुसऱ्यात तेच सगळं, पण कापसाचं. वजनाला निम्मंही नव्हतं.

कारखान्याच्या साहेबाला पृथ्वीच्या उत्तर टोकाकडे जायचं होतं. पायांना लाकडी फळ्या बांधून बर्फावरून घसरत जायचं, सामान स्वतः ओढायचं आणि बर्फातच खोळीत शिरून निजायचं. म्हणून हलक्यात भागलं तर त्याला हवं होतं. भागतं की नाही, हे ठाण्यासारख्या उकाड्याच्या गावात कळायला एकच जागा होती, त्याच्या कारखान्यातली बर्फाच्या लाद्यांची खोली. आणि माणसं होती धाकू आणि त्याचा धाकटा भाऊ दगडू.

श्रावण होता. खाडीकाठची मिठागरं पाण्याखाली गेली होती, दिवाळीपर्यंत हाताला काम नव्हतं. कारखाना सुटायची घंटा होईस्तोवर दोघंही आत राहिले तर दोघांना कारखान्यात कायमचं ठेवीन, असं साहेबानं कबूल केलं होतं. एक जरी बाहेर आला, तरी दोघंही घरी.

लाद्यांवर पसरायचं मीठ सकाळपासून त्यांनीच वाहिलं होतं. मिठानं बर्फ आणखी गार पडतो, हे मिठात जन्म गेलेल्या धाकूला आज कळलं.

मिठाची शेवटची पाटी ठेवताना आनंदा त्याच्या कानाशी लागला. "कापसाची घेऊ नको. पाय ओले आहेत तुमचे. कापूस पाणी पितो आणि धरून ठेवतो."

"मग साहेबाला सांग की."

"सांगितलं. म्हणाला, करून बघू."

साहेबानं गठ्ठ्यांकडे बोट केलं. धाकूचं मन ठरायच्या आधीच त्याचा हात कातड्यावर पडला होता.

"मी थोरला. मला जड चालंल," तो म्हणाला.

दगडू हसला. "घे की. मला हलकीच बरी." चिखलाचे पाय त्यानं धोतराला पुसल्यासारखे केले आणि मोजे चढवले.

दार लागलं. आत काळोख. धाकूला पहिल्यांदा घाम आला, आणि त्या घामाची लाज वाटली.

"दादा," दगडू म्हणाला, "वहिनीला सांगितलं तर खरं वाटायचं नाय."

मग त्याचे दात वाजू लागले.

"दादा, पाय भाजतायत."

"हलवत राहा."

"दार वाजवू का रे?"

धाकूला घरातली तीन पोरं दिसली. "थोडंच राहिलंय," तो म्हणाला. किती राहिलं होतं, हे त्याला ठाऊक नव्हतं. खोळ बदलू या, हे शब्द दोनदा त्याच्या ओठांवर आले. दोन्ही वेळा त्यानं लोकर तोंडावर ओढून घेतली.

बऱ्याच वेळानं दगडू आपणहून बोलला. "आता बरं वाटतंय. पाय दुखायचे थांबले."

धाकूचा जीव भांड्यात पडला. त्याला डुलकीसुद्धा लागली.

घंटा झाली तेव्हा धाकू चालत बाहेर आला. दगडूला खोळीसकट ओढत आणून पडवीत उताणा ठेवला. साहेबानं वही उघडली. आनंदा शिंप्यानं त्याचा प्रश्न मराठीत विचारला.

"थंडी वाजली?"

"नाय," धाकू म्हणाला.

"आधी वाजली," दगडू म्हणाला. "आता नाय वाजत."

साहेबानं मान हलवली आणि दोन्ही उत्तरं लिहून घेतली.

मोजे निघेनात. आनंदा शिंप्यानं कात्री लावून ते कापले. दगडूची बोटं मेणासारखी पांढरी आणि टणक झाली होती. साहेब वही मिटून आत गेला. धाकू खाली बसला. त्यानं भावाचा पाय मांडीवर घेतला आणि दोन्ही हातांनी चोळू लागला, जोरजोरानं, दम लागेपर्यंत.

दगडू पडवीच्या कौलांकडे बघत पडला होता. खुशीत होता. "आपलं काम झालं, दादा. आता दिवाळीची वाट बघायला नको."

धाकूला हुंदका आवरेना. तो आणि चोळण्याचा आवाज ऐकून दगडूनं मान न वळवताच विचारलं,

"काय झालं रे? कुणाचा पाय चोळतोयस?"