जोडीचं पथ्य

गुडघेदुखीच्या गोळ्या मास्तर आणि मास्तरीणबाई दोघंही रोज घ्यायची. गुडघ्यांवरचा भार हलका व्हावा म्हणून बाईंनी घरात फर्मान काढलं, "आजपासून दोघांनीही दोन वेळा वाटीभर उकडलेली भाजी. बास!" मास्तरांनी मान डोलावली आणि त्याच संध्याकाळपासून ते 'पाय मोकळे करायला' बाहेर पडू लागले. पाय मोकळे व्हायचे ते थेट कोपऱ्यावरच्या बेकरीत.

पुढे बाईंकडून पथ्याचं ऐकून आणि दोघांचे रक्ताचे रिपोर्ट बघून डॉक्टर चक्रावले. "नुसत्या भाजीवर राहून या गोळ्या घेतल्यात? अहो, पोट मारलं की लिव्हरला त्या झेपत नाहीत. तुमची दोघांची लिव्हर तर ठणठणीत!"

मास्तरांना वाटलं, आपण रोज केक चापतोय आणि ही बिचारी एकटीच जिवावरचं पथ्य पाळतेय! बाई "अहो, नको हो" म्हणत असतानाच मास्तरांनी त्यांना हाताला धरून बेकरीत नेलं.


बेकरीवाला हसून म्हणाला, "या काका! आणि काकू, तुम्ही तर रोज सकाळी येता, आज संध्याकाळी कशा?"