नुसती चांदी

देव्हाऱ्यातला टाक टेबलावर ठेवण्याआधी झुंबरबाईनं खाली पदराचं टोक अंथरलं. काचेचं टेबल, गार लागेल.

"हे काय?" कोठावदेसाहेबांनी विचारलं.

"दीपक," ती म्हणाली. मग तिनं जोडलं, "माझा ल्योक."

अंगठ्याएवढा चांदीचा पत्रा. त्यावर उठवलेला घोडा, घोड्यावर तलवारवाला वीर. दीपक उभ्या जन्मात सायकल सोडून कशावर बसला नव्हता. पण लग्नाआधी गेलेलं पोर वीर होऊन घरी परत येतं, देव्हाऱ्यात आपली जागा धरतं. आणि वीर म्हटला की घोडा आला, तलवार आली.

तिचा नवरा देवराम दाराशी उभा होता, अंगावर कारखान्याची खाकी. सातपूरच्या या कारखान्यात विजेच्या स्विचांना तो चांदीच्या टिपा बसवायचा. एकेक टिप मुगाच्या डाळीएवढी. आज सकाळी मोजणीत टिपा कमी भरल्या, साहेबांनी सगळ्या खात्याला उभं करून विचारलं, आणि देवराम आपण होऊन पुढं झाला. "म्या नेल्या." चोरी त्याला कशीबशी जमली होती, खोटं बोलणं काही जमलं नव्हतं.

"तांब्याचा केला असता तर काय बिघडलं असतं?" साहेबांचा आवाज चढला.

"हे बी तेच म्हणत व्हते," झुंबरबाई म्हणाली. "म्याच नाय म्हणले. आजा चांदीचा, चुलता चांदीचा, आन त्यांच्या पंगतीला माझं लेकरू तांब्याचं? जोडवी मोडली असती, तर ती बी त्याच्या दवाखान्यात गेलेली. मंग ह्यांनी चांदी आणली. कुठून, ते म्या इचारलं नाय."

युनियनचा सावळीराम खुर्चीच्या कडेवर टेकला होता. "साहेब, बाजारात विकली नाही त्यानं. पगारातनं कापा की."

"म्हणजे उद्या सगळेच उचलतील आणि म्हणतील, पगारातनं कापा. गेल्या वर्षी टिपा बाहेर विकणाऱ्यांना मी पोलिसात दिलं. आपल्या नावाचे डुप्लिकेट स्विच निघाले होते बाजारात, कुणाचं तरी घर जळलं असतं. तेव्हा गेटवर माझ्या नावानं टाळ्या वाजवणारा तूच ना?"

"ते चोर होते, साहेब."

"आणि हा?"

सावळीरामनं तंबाखूची पुडी काढली, पाहिली, तशीच खिशात ठेवली.

साहेबांनी टाकाला हात लावला नाही. नुसतं वाकून पाहिलं. साहेब पंचवटीत वाढलेले. वीर म्हणजे काय, ते त्यांना कुणी सांगायला नको होतं.

"हा असा मी स्टोअरला जमा करू शकत नाही," ते हळू म्हणाले. "देव काय भंगारात टाकू? वितळवून चांदीची गोळी आणा, उद्याच्या उद्या. माल परत आला म्हणून मी वर सांगेन. महिनाभर घरी बसावं लागेल, पण पोलीस नाही, नोकरीही राहील." ते थांबले. "पण एक सांगा, बाई. परवा धुळवड झाली. वीर गंगेवर नेला होता का?"

त्या विचारण्यात माया होती, हे झुंबरबाईला कळलं. धुळवडीला गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, नाचत नेल्याशिवाय, न्हाऊ घातल्याशिवाय टाक वीर होत नाही. तोवर तो सोनाराचा नग. मोडला तरी पाप नाही. आणि न्हाऊन आला असेल, तर त्याला वितळवा असं साहेबांच्यानं म्हणवणार नव्हतं. मग पोलीसच.

परवा देवराम नाचला होता. जन्मभर मान खाली घालून चालणारा माणूस, खोबऱ्याच्या वाटीत लेकाला घेऊन हलगीवर असा नाचला, असा नाचला, की वाजवणारेच दमले. रामकुंडावर तिनं ओंजळीनं टाकावर पाणी घातलं, आणि सवयीनं त्याच्या इवल्या कानामागं बोट फिरवलं.

देवरामनं तोंड उघडलं. "साहेब, परवा आम्ही..."

"नाय नेला," झुंबरबाई म्हणाली. "ह्यांना ताप व्हता. नाय नेला, सायेब. नुसती चांदी हाय ती."

देवराम तिच्याकडे बघत राहिला. तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही. टाकासकट पदराचं टोक उचललं आणि गाठ मारली.

सराफ बाजारात, ज्यानं टाक घडवला त्याच सोनाराकडे ती दोघं गेली. सोनारानं नग ओळखला आणि दोघांची तोंडं पाहिली. मूस शेगडीत ठेवून त्यानं भाता हलवायला घेतला. कोळसे लाल झाले तसा देवराम उठला, बाहेर जाऊन रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला. झुंबरबाई मात्र सरकत सरकत शेगडीपाशी आली.

"मागं सरा, बाई," सोनार म्हणाला. "झळ लागेल."

"बसू द्या, भाऊ," ती म्हणाली. "मागल्या बारीला, त्याला नेलं तवा, मला घरीच ठिवलं व्हतं. बायांनी अमरधामात जायाचं नसतं म्हणं."