चित्रातले निळे मणी

गोऱ्यांच्या व्यापारी ठाण्याच्या भिंतीला सात चित्रे टेकवली होती. त्यांतल्या पाच जणांच्या डोक्यावर पिसांचा टोप होता, आणि पाचही वेळा तोच, शहरातून आलेल्या गोऱ्या चित्रकाराच्या पेटीतला. तळ्याकाठच्या ओजिब्वे या अमेरिकी आदिवासी जमातीची माणसे अंगणात जमून आपापली तोंडे शोधत होती.

"या टोपात मी रानकोंबडा दिसतोय," एक म्हातारा म्हणाला. सगळे हसले.

नोदिनोक्वे हसली नाही. सातवे चित्र तिचे होते. नवरा गेल्यापासून तिने केस विंचरले नव्हते, तोंडाला फासलेली शोकाची काजळी धुतली नव्हती. त्याच्या कपड्यांचे गाठोडे ती उराशी धरून हिंडत होती. हे वर्षभर चालायचे. मग सासरच्यांनी गाठोडे उतरवून घ्यायचे आणि तिला नटवायचे. आधीच नटणाऱ्या विधवेचे कपडे सासरचे भर वस्तीत फाडत.

चित्रात तिचे केस चापूनचोपून बसवलेले होते. गळ्यात निळ्या मण्यांच्या तीन माळा होत्या. हात रिकामे होते.

"मी अशीच बसले होते. ते सगळं त्यानं मनानं काढलंय," ती दुभाषी ओगुस्तला म्हणाली. "पुसायला सांग त्याला!"

ओगुस्त विचारून आला. "म्हणतो, मळकट बाई शहरात कोण बघणार? असंच नेणार. हजारो लोक बघतील म्हणतो."

तेवढ्यात गर्दीतून तिची सासू बिदासिगे पुढे आली. तिने चित्र नीट पाहिले. नोदिनोक्वे गाठोडे घेऊन तिच्यासमोर आली.

"आत्याबाई, मी नाही घातले..."

"गप." सासू चित्रकाराकडे वळली. "माझ्या सुनेला नटवणारा तू कोण रे? तिचा दीर की सासरा? तो हक्क माझा आहे!"

ओगुस्तने सांगितले. चित्रकार हसला. त्याने चित्र उचलून पेटीत ठेवले आणि कुलूप लावले.

बिदासिगेने भर अंगणात पाणी मागवले. सुनेचे तोंड धुतले. गुंता सोडवत केस विंचरले. मग मुलाचे गाठोडे दोन्ही हातांनी आपल्याकडे घेतले, आणि स्वतःच्या गळ्यातली माळ काढून सुनेच्या गळ्यात घातली.

"जाऊ दे त्याचं चित्र कुठं जायचं तिथं. तुला मी नटवलंय. सगळ्यांनी बघितलंय."

वर्ष पुरे व्हायला एकोणसत्तर दिवस बाकी होते.