आडव्या काठीखाली

गेरियांच्या काठ्या दारावरून सरळ पुढं गेल्या, तशी बसंतीबाई पुऱ्यांचं ताट तिथंच टाकून, पोराला उचलून बाहेर धावली.

"ओ नायक! माह्या पोराची धुंड राह्यली ना!"

बंजारा तांड्याचा मुखिया, नायक फुलसिंग, थांबला. वर्षभरात ज्या घरी मुलगा झाला, त्या घरी होळीच्या दुसऱ्या दिवशी गेरिया, म्हणजे तांड्यातले गडी, जायचे. पोराच्या डोक्यावर काठी आडवी धरायची आणि तिच्यावर बाकीच्यांनी आपापल्या काठ्या वाजवायच्या. ही धुंड. ती झाली की पोर तांड्याचं. धुंडीविना पोर मेलं, तर फुलसिंगच्या तांड्यात त्याच्या मातीला कोणी जात नसे. आईबापानंच नाल्याकाठी पुरून यायचं.

"धुंड माणसाच्या पोराची असते," फुलसिंग म्हणाला. "हा तं कोहळा हाये कोहळा!"

गेरिया फिदीफिदी हसले. त्यांच्यातच तिचा नवरा हरिसिंग होता. तो हसला नाही, पण एक शब्द बोलेल तर शपथ. मेल्याच्या हातातली काठी नुसती शोभेची!

पोराचं डोकं होतंच तसं, मानेला न पेलणारं. डोळे खाली ओढलेले. डोक्यात पाणी आहे, पोटातूनच घेऊन आलाय, इथं इलाज नाही, असं यवतमाळच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. दिवाळी गाठली तर नशीब.

"माहं पोर कोहळा, तं तुमची जीभ कोयता हाये, नायक."

"हो बाजूले! सणासुदीचा अपशकुन नोको करू."

गेरिया नायकाच्या अंगणात शिरले. यंदा त्याच्या घरीही नातू झाला होता. नायकाचा मुलगा रामलाल बाळाला मांडीवर घेऊन बसला, दोघांनी वर काठी आडवी धरली आणि खडखडाट सुरू झाला. सुरू झालेली धुंड मध्येच थांबवायची नाही. थांबली तर त्या पोराचं काही खरं नाही, असं अख्खा तांडा मानायचा. फुलसिंग तर जरा जास्तच.

बसंतीबाई गर्दीत घुसली. रामलालच्या शेजारी तिनं फतकल मारली आणि आपलं पोर नायकाच्या नातवाला खेटून त्याच काठीखाली धरलं.

काठ्या अडखळल्या.

"थांबता काहून?" ती ओरडली. "थांबा ना! नातवाची करा अर्धीच!"

फुलसिंगचा चेहरा काळानिळा झाला. "वाजवा!" तो खेकसला. "थांबू नोका, वाजवा रे!"

वाजवल्या. हरिसिंगची काठी आता सगळ्यांत जोरात वाजत होती. नातू घाबरून किंचाळत होता. बसंतीबाईचं पोर गप पडून होतं.

धुंड पुरी झाली तसा फुलसिंग तिच्या अंगावर धावून आला. "भवाने, दिवाळी पाह्यणार नाही हे पोर! याले कायले पाह्यजे होती धुंड?"

बसंतीबाईनं पोराचं डोकं दोन्ही हातांनी उचललं आणि आपल्या खांद्यावर नीट टेकवलं.

"म्हणूनच," ती म्हणाली. "आता त्याले न्यायले तुमाले यावं लागन."